पिओनीच्या पानांवर जांभळे डाग पडलेत, झाडं काढून टाकू का?

परडी (१२ जुलै, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. आम्ही डेट्रॉईटजवळ राहतो, हे घर घेऊन तीन वर्षं झाली. दक्षिणेच्या भिंतीलगत आधीच्या मालकीणबाईंनी लावलेल्या पाच पिओनी आहेत. त्या आजींनी घराच्या किल्ल्या दिल्या आणि मला हाताला धरून या झुडपांपाशी नेलं, म्हणाल्या ही मी माझ्या आईच्या अंगणातून आणली, चाळीस वर्षं झाली, एवढी सांभाळ. मी हो म्हटलं. मला तेव्हा पिओनी कशाशी खातात तेही माहीत नव्हतं.

पहिल्या वर्षी जूनमध्ये जी फुलली ती बघून मी खुर्ची टाकून तिथेच बसून चहा प्यायला लागले. गेल्या वर्षी थोडी पानं डागाळली, म्हटलं ऊन असेल. या वर्षी मात्र फुलं संपल्या संपल्या पाचही झुडपांवर डागच डाग. पानाच्या वरच्या बाजूला गडद जांभळे, चकचकीत, जांभळाचा रस सांडून वाळल्यासारखे. देठांवर आणि दांड्यांवर लालसर बारीक रेघा. खालची पानं वेडीवाकडी होऊन कडेने वाळतायत. शेजारच्या काकू म्हणतात मुळासकट काढून टाक नाहीतर सगळ्या बागेत पसरेल. मला ते अजिबात करायचं नाहीये. हा रोग कुठला, या वर्षी काही करता येईल का आणि झाडं मरणार तर नाहीत ना, एवढं कोणी सांगाल का?

मोगरावेडी (१२ जुलै, रात्री १०:०५)

अगं काढू नकोस! आधी पान उलटं करून बघ आणि खालची बाजू कशी दिसते ते सांग. कुठे राखाडी केसाळ बुरशी दिसतेय का?

दवबिंदू (१२ जुलै, रात्री १०:३१)

पाणी कसं देता? आमच्या न्यूजर्सीत अर्ध्या झाडांचे अर्धे रोग त्या वरून फवारणाऱ्या स्प्रिंकलरमुळे होतात.

शिवारफेरी (१३ जुलै, सकाळी ८:१५)

ताई मी नाशिकचा, पिओनी कधी पाहिली नाही, पण वर्णन वाचून हा करपा वाटतोय. आमच्याकडे द्राक्षावर असं दिसलं की वडील दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाहीत, मॅन्कोझेब घेऊन फवारणी सुरू. तुम्हीपण लगेच बुरशीनाशक मारा, चार दिवस थांबलात तर पान राहणार नाही.

परडी (१३ जुलै, सकाळी ९:५०)

@मोगरावेडी, पान उलटं केलं. खाली डाग तपकिरी, चेस्टनटच्या सालीसारखे पण चमक नसलेले. राखाडी केस वगैरे काही नाही. @दवबिंदू, होय, स्प्रिंकलर आहे, रोज रात्री ९ वाजता लागतो, आधीपासूनच तसा लावलेला आहे. @शिवारफेरी, धन्यवाद दादा, दुकानात जाऊन बघते.

खुरपं (१३ जुलै, दुपारी १:२०)

परडी, दुकानात जायच्या आधी हे वाच. मी इंडियानात गेली अठरा वर्षं पिओनी लावतेय (आमचं राज्यफूलच आहे ते, १९५७ पासून), आणि यातली सहा वर्षं मी याच डागांशी भांडण्यात घालवलीत.

वर चकचकीत जांभळा, खाली फिका तपकिरी आणि दांड्यावर लाल रेघा, हे तिन्ही एकत्र म्हणजे पिओनीचा लीफ ब्लॉच. बुरशीच आहे, पुस्तकांत क्लॅडोस्पोरियम नावाने सापडेल, हल्ली शास्त्रज्ञांनी नाव बदलून ग्राफिऑप्सिस केलंय. इथले जुने माळी याला मीझल्स म्हणतात, म्हणजे गोवर. देठावरच्या त्या लाल रेघा बघितल्या की नाव का पडलं ते कळतं.

आता महत्त्वाचं. झाड मरत नाही. हा रोग पानं आणि दांडे विद्रूप करतो, फार वाढला तर झाड दरवर्षी थोडं थोडं अशक्त होतं, पण मुळाला जाऊन झाड संपवत नाही. तुझ्या आजींची झाडं चाळीस वर्षं उभी आहेत, ती या डागांनी जाणार नाहीत.

ही बुरशी हिवाळा काढते ती मागच्या वर्षीच्या वाळक्या दांड्यांवर आणि खाली पडलेल्या पानांवर. एप्रिलमध्ये कोवळे लाल कोंब जमिनीतून वर येतात ते नेमके त्या जुन्या खुंटांच्या मधून, त्यांना घासून. तेव्हा ओल असतेच, बुरशीचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडून कोंबावर बसतात आणि लागण तेव्हाच होते. तुला डाग आज दिसतायत पण लागण एप्रिल-मेमध्येच झालेली आहे. म्हणून आज काहीही फवारलंस तरी आत्ताचे डाग जाणार नाहीत. @शिवारफेरी, तुमची घाई द्राक्षासाठी बरोबर आहे, तिथे पान गेलं तर पीक गेलं, पण इथे जुलैतली फवारणी म्हणजे पैसे पाण्यात.

तर मला दोन प्रश्नांची उत्तरं दे. हिवाळ्याआधी दांडे जमिनीलगत कापलेस का? आणि कापलेले कुठे टाकलेस?

अबोली (१३ जुलै, दुपारी २:०२)

गोवर!! माझी आजी असती तर झुडपाभोवती कडुनिंबाचा पाला बांधला असता आणि कोणाला अंगणात पाऊल ठेवू दिलं नसतं :)

मोगरावेडी (१३ जुलै, दुपारी २:४०)

अबोली, हसले खरी पण कडुनिंबावरून विचारायचंच होतं. मी सगळ्यावर नीम ऑईल मारते, गुलाबावर मावा येतो त्याला छान चालतं. आणि खायचा सोडा पण ऐकलाय. त्याने फरक पडेल का?

परडी (१३ जुलै, संध्याकाळी ६:१५)

@खुरपं, वाचून अक्षरशः जीवात जीव आला. दांडे मी दोन्ही वर्षं कापलेच नाहीत. आमच्या गावच्या पत्रकात वाचलं होतं की थंडीत वाळके दांडे उभे ठेवा, त्यात मधमाश्या राहतात, म्हणून सगळी बाग तशीच ठेवली आणि मेमध्ये आवरली. तोवर कोंब हातभर आलेले होते, त्यांच्यातून वाळके दांडे ओढून काढले आणि मागच्या कंपोस्टच्या ढिगावर टाकले.

खुरपं (१३ जुलै, संध्याकाळी ७:३०)

मिळालं उत्तर :)

@मोगरावेडी, नीम तेल किंवा सोडा या रोगावर भरवशाचा नाही, आणि डाग पडून गेल्यावर तर कशाचाच उपयोग नाही. भर उन्हात तेल मारलंस तर पानं भाजतील ते वेगळंच.

रानवाट (१३ जुलै, रात्री ९:१२)

थोडा विरोध नोंदवतो. मी मिनेसोटात आहे आणि दांडे उभे ठेवा हे मी स्वतः दारोदार सांगत फिरतो. इथल्या कित्येक छोट्या रानमाश्या पोकळ किंवा मऊ गाभ्याच्या दांड्यात अंडी घालतात, त्या मध साठवत नाहीत, पोळं नाही, राणी नाही, एकेकटी माशी एकेका नळीत आपली पिल्लं ठेवून मरून जाते. सगळ्यांनी ऑक्टोबरमध्ये बाग भादरायला सुरुवात केली तर पुढच्या वर्षी परागीकरण कोण करणार? चार डागांसाठी हे मला पटत नाही.

खुरपं (१३ जुलै, रात्री ९:५५)

रानवाट, तुमचा मुद्दा मला मनापासून मान्य आहे, पण बाग म्हणजे एक झाड नाही. कोनफ्लॉवर, बी बाम, जो-पाय वीड यांचे दांडे खुशाल ठेवा, मीही ठेवते, तेही वसंतात दीड फुटावर कापून. पिओनीचे मात्र कापा. पाच झुडपांसाठी सगळ्या बागेचा नियम बदलायची गरज नाही आणि सगळ्या बागेच्या नियमासाठी पाच झुडपं आजारी ठेवायचीही नाही.

रानवाट (१३ जुलै, रात्री १०:२०)

हे चालेल. एवढं वेगळं करून कोणी सांगत नाही, म्हणून बोललो.

टेकडी (१४ जुलै, सकाळी ७:३०)

मस्त धागा. मी पुण्यात, गच्चीवर बाग आहे. ऑनलाइन पिओनीचं बी मिळतंय, निळ्या फुलांचा फोटो आहे, पन्नास बिया. घेऊ का?

दवबिंदू (१४ जुलै, सकाळी ७:४५)

नको!! निळी पिओनी नसतेच.

खुरपं (१४ जुलै, सकाळी ९:००)

टेकडी, तो फोटो रंगवलेला आहे, पैसे वाचवा. आणि खरं रोप मिळालं तरी पुण्यात फुलणार नाही. या झाडाला हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग कडाक्याची थंडी लागते, त्याशिवाय कळीच धरत नाही. भारतात पिओनी आहे ती हिमालयात, काश्मीर ते उत्तराखंड, पांढरी एकेरी फुलं आणि मध्ये पिवळे केसर. तिची मुळं युनानी औषधात ऊदसलीब नावाने जातात. गच्चीवर गुलाब-शेवंती करा, खूप आनंद मिळेल.

टेकडी (१४ जुलै, सकाळी ९:२०)

बरं झालं विचारलं. गुलाब आहेतच, त्यांच्यावर पण पावसाळ्यात काळे गोल ठिपके येतात आणि भोवतीचं पान पिवळं होऊन गळतं. तोच रोग का हा?

मोगरावेडी (१४ जुलै, सकाळी १०:१०)

नाही, गुलाबाचा ब्लॅक स्पॉट वेगळ्या बुरशीचा, पिओनीवरून गुलाबावर किंवा उलट जात नाही. पण काळजी सारखीच. कुंडीत गळून पडलेली पानं रोज उचला, पानांवर पाणी घालू नका, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका. मी ठाण्याला होते तेव्हा एवढं केलं तरी जुलै-ऑगस्ट निभायचा.

पोफळ (१४ जुलै, दुपारी १२:३५)

मी गोव्यातून वाचतोय. आमच्या कुळागरात पोफळीला कोळेरोग येतो, तोही पावसाच्या थेंबांनीच पसरतो, कोवळ्या सुपाऱ्या कुजून खाली सडा पडतो. बाबा पावसाळा लागायच्या आधी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारून घेतात आणि मग पावसाने उघडीप दिली की दीडएक महिन्याने परत. एकदा त्यांना पहिला हात मारायला उशीर झाला, माणूस मिळेना पोफळीवर चढायला, आणि पाऊस सुरू झाला. त्या वर्षी नंतर कितीही मारलं तरी गळ थांबली नाही. ताई, खुरपंताई म्हणतात ते खरं, औषध रोगाच्या आधी हवं.

शिवारफेरी (१४ जुलै, रात्री ८:५०)

खुरपंताई, चूक मान्य. काल वडिलांना हा धागा वाचून दाखवला तर ते म्हणाले बाई बरोबर बोलते, आपण तरी काय करतो, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की काड्या-पानं बागेत पडू देतो का? सगळं वेचून बाहेर. जुना पाला म्हणजे पुढच्या हंगामाच्या रोगाचं बियाणं.

बोर्डोचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवायचं, लोखंडाचं भांडं अजिबात नको. मिसळून झालं की घासलेला लोखंडी विळा किंवा पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस पुट चढलं तर मोकळं तांबं जास्त आहे, अजून चुना घाला, नाहीतर पान जळेल. केलेलं त्याच दिवशी संपवायचं.

थेम्सकाठ (१५ जुलै, पहाटे ४:१०)

आम्हा लंडनकरांना हे सगळं वाचून हेवा वाटतो. इथे घरगुती बागेसाठी बोर्डो केव्हाच बंद झालं, आणि अमेरिकेत ज्याची शिफारस करतात ते क्लोरोथॅलोनिल हे बुरशीनाशक तर शेतीलाही २०२० पासून बंद आहे. तरी माझी 'बोल ऑफ ब्यूटी' जातीची पिओनी बरी आहे, कारण मी फक्त कात्री वापरते. नोव्हेंबरला जमिनीलगत कापायचं, झाडून काढायचं, संपलं.

दवबिंदू (१५ जुलै, सकाळी ८:००)

माझ्या पिओनीवर ऑगस्टमध्ये पांढरी पावडर येते, तीही हीच का?

खुरपं (१५ जुलै, सकाळी ८:४०)

ती भुरी. वेगळी बुरशी. दिसायला वाईट, पण उन्हाळ्याच्या शेवटी आली तर झाडाचं फार बिघडत नाही. झुडपांमध्ये तीन फूट अंतर ठेव, वारा खेळू दे.

परडी, आता तुझं काम. स्प्रिंकलर त्या वाफ्यावरून आजच फिरव, पाणी सकाळी आणि मुळाशी. फार वाळलेली, वाकडी झालेली खालची पानं आत्ता काढ, पण हिरवं पान ठेव, डाग असला तरी ठेव, कारण पुढच्या जूनची फुलं आत्ता या पानांच्या जोरावर मुळात तयार होतायत. ऑगस्टमध्ये वैतागून भुईसपाट करू नकोस, मी एकदा केलं होतं, पुढच्या वर्षी बारा फुलांची तीन झाली. मग पहिलं कडक दहिवर पडून पाला मेला की जमिनीलगत काप, खुंट ठेवायचा नाही. एका झुडपावरून दुसऱ्यावर जाताना कात्री रबिंग अल्कोहोलने पूस. पाला कंपोस्टमध्ये नाही, कागदी पिशवीत भरून गावाच्या यार्ड वेस्टला, म्हणजे बागेच्या कचऱ्यात. घरच्या ढिगाला एवढी उष्णता येत नाही की बुरशी मरेल.

वसंतात कोंब बाहेर यायच्या बेतात असताना जमिनीवर आणि कोंब दोन-चार इंच झाले की त्यांच्यावर तांब्याचं तयार बुरशीनाशक, लेबलवर पिओनी किंवा शोभेची झाडं लिहिलेलं बघून, कळ्या उमलेपर्यंत दर सात ते दहा दिवसांनी. लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त नाही, थंड ओल्या हवेत तांब्याने कोवळं पान भाजतं. पण खरं सांगू, कापणी नीट केलीस तर फवारणी कदाचित लागणारही नाही.

अबोली (१५ जुलै, सकाळी ९:१५)

अवांतर, पण पिओनीच्या कळीवर मुंग्या लागतात त्या मारायच्या का? माझ्या सासूबाई म्हणतात मुंग्या नसतील तर कळी उघडतच नाही.

रानवाट (१५ जुलै, सकाळी ९:३०)

मारू नका. कळीच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांवर गोड रस सुटतो, त्या तो खायला येतात. कळी मुंग्यांशिवायही उघडते. फुलं घरात न्यायच्या आधी उलटी करून हलक्या हाताने झटका, एवढंच.

परडी (१५ जुलै, रात्री १०:४५)

सगळ्यांचे किती आभार मानू. स्प्रिंकलरचं तोंड फिरवलं. खुरपंताई, तुमची पोस्ट छापून गॅरेजच्या दारावर लावलीय.

एक विचारू? फुलं पांढरीशुभ्र, भरगच्च, मध्ये काही पाकळ्यांच्या कडेला कुंकवाचं बोट लागल्यासारखा लाल शिंतोडा. जात कोणती असेल? आजींनाही नाव माहीत नाही.

खुरपं (१६ जुलै, सकाळी ७:५०)

'फेस्टिव्हा मॅक्सिमा' असणार गं! १८५१ची फ्रेंच जात, जुन्या अमेरिकन अंगणांतून अजून सापडते. तू अ‍ॅन आर्बरपासून लांब नाहीस ना? मिशिगन विद्यापीठाच्या निकोल्स आर्बोरेटममध्ये जुन्या पिओनींची बाग आहे, १९२२ साली डॉ. अपजॉन यांनी आपली झाडं दिली, १९२७ पासून लोकांना बघायला खुली आहे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जा आणि फूल ताडून बघ.

परडी (२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०)

धागा वर काढतेय. काल कापलं. चार मोठ्या कागदी पिशव्या भरल्या. मुलाला झाडलोट दिली, तो गुडघ्यावर बसून एकेक पान वेचत होता. कोनफ्लॉवर उभे ठेवलेत, रानवाट यांच्यासाठी. जमिनीलगत कापताना खाली पुढच्या वर्षीचे गुलाबी कोंब मातीतून डोकावताना दिसले, हात थरथरला, एकाला कात्री लागलीच थोडी.

खुरपं (२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०)

एकाने काही होत नाही. शाब्बास.

परडी (४ मे, सकाळी ७:२०)

घाबरून लिहितेय. कोंब वीतभर झाले, चार झुडपं सुंदर आहेत, पण पन्हाळीच्या पाइपाजवळच्या पाचव्या झुडपाचे तीन कोंब एका रात्रीत मान टाकून पडले. बुडाशी काळे, ओलसर, आणि आज त्यावर राखाडी लव आहे. हा पण गोवरच का?

मोगरावेडी (४ मे, सकाळी ७:४०)

ही ती राखाडी बुरशी जी मी पहिल्या दिवशी विचारली होती! बॉट्रायटिस.

खुरपं (४ मे, सकाळी ८:०५)

हो, बॉट्रायटिस. थंड ओला वसंत असला की येते. ते तिन्ही कोंब आत्ताच, दव वाळल्यावर, मातीच्या थोडं खालून काप आणि थेट पिशवीत टाक, झटकू नकोस, त्या राखाडी लवेतून बीजाणू उडतात. त्या झुडपाला खत दिलंस का? जास्त नत्राने कोवळी लुसलुशीत वाढ होते तिला ही पटकन लागते. आणि पन्हाळीचं पाणी तिथे साचतं का बघ.

परडी (४ मे, सकाळी ८:३०)

लॉनचं खत टाकलं होतं ते तिथवर गेलं असणार. आणि पाणी साचतंय, हो, बूट रुततोय.

परडी (१४ जून, रात्री ९:००)

फुलली. चार झुडपांवर एकूण त्रेसष्ट फुलं मोजली, मुलाने मोजली खरं तर. फवारणी मी दोनदाच केली, मग पाऊस लागला आणि राहिलीच. पानांवर डाग आहेत, खोटं सांगत नाही, खालच्या पानांवर थोडे थोडे, पण गेल्या वर्षी जी दैना होती तिच्या पाव देखील नाही आणि दांडे हिरवे आहेत. अ‍ॅन आर्बरला जाऊन आले, पाटीसमोर उभी राहून माझ्या फुलाचा फोटो धरला, फेस्टिव्हा मॅक्सिमाच! आजी आता मुलीकडे राहतात, त्यांना एक गुच्छ नेऊन दिला. त्यांनी नाव दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाल्या, आई नुसतं पांढरी म्हणायची.

पाचव्याला चारच फुलं आली आणि डागही त्यालाच जास्त. त्याला तिथून हलवू का?

शिवारफेरी (१५ जून, सकाळी ८:००)

ताई अभिनंदन! वडिलांना फोटो दाखवला, म्हणतात एवढं मोठं फूल दांडा पेलतो कसा.

दवबिंदू (१५ जून, सकाळी ८:२०)

पावसात पेलत नाही काका, लोखंडी कडं लावावं लागतं :)

खुरपं (१५ जून, सकाळी ९:१०)

हलव, पण आत्ता नाही. सप्टेंबरच्या शेवटी. पाणी निचरा होणारी, सहा तास ऊन मिळणारी जागा शोधून ठेव. खणताना लांबून खण, मुळं रताळ्यासारखी जाड आणि ठिसूळ असतात. धुऊन बघ, मऊ कुजकी असतील ती काप, आणि तीन ते पाच डोळे असलेले तुकडे कर, एकाची दोन-तीन झुडपं होतील. लावताना डोळे मातीच्या खाली एक ते दोन इंच, त्याहून खोल गेले तर नुसती पानं येतात. पुढच्या वर्षी फुलांची आशा धरू नकोस, दोन वर्षं दे तिला.

अबोली (१५ जून, सकाळी ९:२५)

परडी, मी टोलेडोला आहे, तासाभराच्या अंतरावर. एक तुकडा मिळेल?

परडी (१५ जून, सकाळी ९:३२)

ये ना! सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. जुनी चादर आण गुंडाळायला, आणि कात्री अल्कोहोलने पुसून आण.